मुराफ्यापर्यंतचं पाणी

“मेला म्हंजी? कागद काय माणूस हाय व्हय मरायला?”

“मेला म्हणजे संपला, शरणम्मा. दावा खारीज झाला त्याच दिवशी संपला.”

“संपला कसा? ह्यो बघा, शिक्का जागच्या जागी हाय. सही हाय. दीड वर्स जपलाय. कसर सुदीक लागू दिली न्हाय.”

“शिक्का काय करणार! हुकमात लिहिलंय काय? ‘दाव्याचा निकाल लागेपर्यंत.’ निकाल लागला.”

“मग मुराफा कशापायी केला? अंगठा घेतला न्हवं माझा? वरच्या अदालतीत गेलो म्हंजी भांडण चालू हाय. भांडण चालू हाय म्हंजी पाणी चालू हाय.”

“भांडण चालू. हुकूम बंद.”

“आन् वेलाला काय सांगू? भांडण चालू हाय बाबा, तवर कळ काढ?”

बलभीमराव वकिलांनी चष्मा काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा न लावताच समोरच्या पेटीवर ठेवून दिला. शरणम्माला वाटलं, आपलं तोंड नीट दिसू नये म्हणूनच ह्यानं चष्मा काढला. ती आणखी पुढं सरकून बसली. तो हुकूम अजून तिच्या मांडीवर उलगडलेला होता. उर्दूतल्या सात ओळी, आणि खाली निळा गोल शिक्का. त्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ कुठं संपते ते डोळे मिटून सांगता आलं असतं.

सास्तूरच्या शिवारात सोमलिंगची शरणम्मा म्हटलं की लोक आधी तिचा पानमळा सांगत आणि मग तिचं तोंड. दोन्ही तिखट. ती मूळची मराठी मुलखाच्या हद्दीपलीकडची, कानडी भागातल्या आळंदकडची. अकराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिला मराठीतलं ‘पाणी’ आणि ‘ये’ एवढंच कळायचं. बाकीची मराठी तिनं नवऱ्याच्या हाताखाली पानमळ्यात उचलली; पण पानं मोजायची वेळ आली की अजूनही ओंदु, एरडु, मूरु असं कानडीच तोंडात यायचं. अंगठ्याला लोखंडी नखी अडकवून ती पान खुडायची ते इतकं हलकं, की वेलाला कळायच्या आत पान हातात यायचं. तिच्या पानांच्या कवळ्या उमरग्याच्या बाजारात पोचल्या की पानवाले दुसऱ्याच्या टोपलीचं झाकण काढायचे नाहीत.

सोमलिंग तीन पावसाळ्यांमागं तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. मागं राहिली चाळीस ओळींची पानवेल, शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेली, लव्हाळ्यानं बांधलेली. आत शिरलं की भर चैत्रातसुद्धा अंगावर ओलसर सावली पडायची. आणि शिरायचं ते अनवाणी. कुंपणाच्या तोंडाशी पायताण काढायचं, हा पानमळ्याचा कायदा. उमरग्याचा व्यापारी यायचा तो पंपशू बाहेर ठेवून. महिन्याचे ते दिवस असले की शरणम्मा स्वतः बाहेर बांधावर बसून आतल्या गड्याला ओरडून कामं सांगायची. सोमलिंग म्हणायचा, “देवाला चपलेची सवय झालीया, त्यो गप बसतो. वेल गप बसत न्हाय. जळून दावतो.”

भांडण विहिरीचं होतं. आज्यानं खोदलेली मोटेची विहीर. वाटणी झाली तेव्हा जमीन तुटली, पण विहीर सामाईक राहिली; चार दिवस सोमलिंगचे, चार दिवस चुलतभावाचे. हा चुलतभाऊ म्हणजे शिवलिंगप्पा. सोमलिंग होता तोवर पाळी घड्याळासारखी चालली. तो गेला, आणि वर्षाच्या आत शिवलिंगप्पानं शरणम्माच्या बाजूचं मोटेचं चाक काढून ठेवलं. बैल पळतात त्या धावेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. म्हणाला, “वैनी, विहीर माझ्या हिश्श्यात पडलीया. दादा होता म्हणून म्या बोललो न्हाय.”

तेव्हा तिनं दावा लावला. आणि दावा लावल्या-लावल्या बलभीमरावांनी तिला तो सात ओळींचा कागद मिळवून दिला. मनाईचा हुकूम. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शिवलिंगप्पानं शरणम्माच्या पाळीला आडवं यायचं नाही.

काय कागद होता तो! पाळीच्या पहिल्या सकाळी शरणम्मा तो पदराखालून काढायची आणि धावेवर उभी राहून नुसता दाखवायची. पोलीस पाटलाला उर्दू येत नव्हती, शिवलिंगप्पाला येत नव्हती, तिलाही येत नव्हती. पण शिक्का तिघांनाही कळायचा. शिवलिंगप्पा दात-ओठ खात बाजूला व्हायचा, तिचा गडी कोंडीराम बैल जुंपायचा, आणि मोट थारोळ्यात भडभडून ओतली जायची. दीड वर्ष. एक पाळी चुकली नाही.

मग आला अमीन.

दावा ऐकणाऱ्या मुन्सिफानं अदालतीचा अमीन पाहणीला धाडला. विहिरीपासून पानमळ्यात जाणारा पाट जुना आहे की बाईनं काल-परवा काढलाय, एवढंच त्यानं बघून लिहायचं होतं. पाट जुना होता. आज्याच्या हातचा, घडीव दगडाचा. पण कुंपणाबाहेरचा भाग मातीनं बुजलेला. दगड दिसायचा तो आत, वेलांच्या बुडाशी.

अमीन आला तो गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून, पायात तसम्यांचे बूट. शरणम्मा कुंपणाच्या तोंडाशी उभी होती.

“सायेब, तेवढं बूट काढा.”

“क्यूं? मस्जिद है?”

“पानमळा हाय.”

“अम्मा, मैं सरकारी काम पे आया. ये पट्ट्या खोलू, बांधू, फिर खोलू… एक घंटा जाता. हटो.”

“पानी घ्या, बसा, सावकाश काढा. म्या बांधून देते मागून.”

“हटती की नै?”

ती हटली नाही. अमीनही हटला नाही. पाठीमागं बांधावर शिवलिंगप्पा हाताची घडी घालून उभा होता, आणि शरणम्माला नंतर पुष्कळ वेळा आठवलं, की तो एकदाही मध्ये बोलला नाही. दुसऱ्याच्या मूर्खपणात कोण कशाला बोलेल! अमीनानं तिथंच बांधावर बसून गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं: दावा लावणाऱ्या बाईनं पाहणी करू दिली नाही. पाटाचा पुरावा दिसला नाही.

फसली सालाच्या फरवर्दी महिन्यात, म्हणजे आपल्या माघात, दावा खारीज झाला. त्या दिवशी शरणम्मा अदालतीच्या बाहेर कडुनिंबाखाली नारळ घेऊन उभी होती. तास-दोन तासांनी वकिलांचा कारकून आला. म्हणाला, “विरुद्ध गेलं. वकीलसाहेब म्हणाले, घाबरू नका, मुराफा करू.” मुराफा म्हणजे काय ते तिनं विचारलं. “वरच्या अदालतीत दाद मागायची. जिल्ह्याला.” तिला धीर आला. तिच्या माहेरी आणि सासरीही मठात हीच रीत होती. पंचांचा निवाडा पटला नाही की थोरल्या स्वामींकडं जायचं. आणि स्वामी बोलत नाहीत तोवर ज्याच्या हातात जे आहे ते तसंच राहायचं. कोणी विळासुद्धा जागचा हलवायचा नाही. तिनं मुराफ्याच्या कागदावर अंगठा उमटवला, आणि येताना तो नारळ गावच्या बसवण्णापुढं फोडला.

पुढच्या पाळीला ती जुना कागद घेऊन धावेवर उभी राहिली. शिवलिंगप्पा बाजूला झाला. त्याच्या पुढच्या पाळीलाही झाला. त्यालाही कुठं माहीत होतं! दोन पाळ्या चाळीस ओळी मेलेल्या कागदावर भिजल्या. तिसऱ्या पाळीला शिवलिंगप्पानं खिशातून स्वतःचा कागद काढला. निकालाची नक्कल. आणि तो हसला ते बैल दचकले.

“वैनी, त्यो तुमचा कागद आता चुलीत घाला. ईस दिसांमागंच गेलाय त्यो. दोन पाळ्या फुकट मारल्यासा माझ्या!”

म्हणून ती आज तालुक्याच्या गावी, वकिलाच्या सोप्यात, ऐकत नव्हती.

“बरं, मेला,” ती म्हणाली. “मग उठवा.”

“उठत नाही.”

“का?”

बलभीमरावांनी उसासा टाकला. माणूस वाईट नव्हता. पक्षकाराशी पुष्कळसे वकील बोलतच नाहीत, हे बोलायचे. “हे बघा. असा तात्पुरता हुकूम दाव्याच्या पोटात असतो. दावा गेला, की पोटातलं त्याच्याबरोबर जातं. त्याला वेगळा जीव नाही.”

शरणम्मानं मांडीवरच्या कागदाची घडी घातली. वकिलांना वाटलं, कळलं. त्यांनी चष्मा लावला.

“मुराफ्यात दावा पुन्यांदा जिता झाला की न्हाय?”

“अं… झाला म्हणा. एका अर्थानं.”

“मग आई जिती झाली आन् पोटातलं कसं मेलेलंच?”

बलभीमरावांनी चष्मा पुन्हा काढला. मग हसले. “वकील व्हायला हवं होतं तुम्ही.”

“म्या वकील झाले असते तर तुमच्यापायी गाडी जुंपून आले नसते. उत्तर द्या.”

“हेच विचारतो वरच्या अदालतीच्या नाझिमसाहेबांना. आणि सोबत नवा अर्जही देतो, जुना उठत नसेल तर नवा द्या म्हणून.”

जिल्ह्याच्या अदालतीत ही सुनावणी झाली तेव्हा शरणम्मा भिंतीला टेकून उभी होती. सगळं उर्दूत. बाजारातली दखनी तिला कळायची, पण ही उर्दू वेगळी, इस्त्री केलेली. ती तोंडं बघत राहिली. बलभीमराव हात हलवून बोलले. एका ठिकाणी त्यांनी पोटावर हात ठेवला तेव्हा तिला कळलं, आपलंच म्हणणं चाललंय. नाझिमसाहेब वयस्कर, खोकणारे. ते ऐकून किंचित हसले, आणि हसणं बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग ते हळू आवाजात दोन-चार वाक्यं बोलले. बलभीमरावांनी मान लववली.

“काय म्हणले?”

“म्हणाले, मुराफ्यानं भांडण जिवंत होतं, हुकूम नाही. तो हुकूम मुन्सिफांचा होता, त्यांच्या निकालापर्यंतचा. मी दिला तर माझा देईन, नवा. जुन्याला फुंकर घालणार नाही.”

“मग देऊ द्या की नवा. आता. आज.”

“समोरच्याचं ऐकल्याशिवाय देत नाहीत. आणि आधीचा अमीनाचा रिपोर्ट विरुद्ध आहे ना! पुन्हा अमीन पाठवतायत. पंधरा दिवसांनी पेशी.”

“पंधरा?” ती एवढ्या मोठ्यानं बोलली, की दारातल्या चपराशानं बोट ओठांवर ठेवलं. “वकीलसायेब, चैत हाय! वेलाला चौथ्या दिशी पाणी लागतंय. पंधरा दिसांनी म्या काय त्यांच्या राखंला हुकूम दावू?”

“मी सांगितलं त्यांना पानमळा आहे म्हणून.”

“कसं सांगितलं?”

“सांगितलं की, ‘पान की बाड़ी है’.”

“आन् ते काय म्हणले?”

बलभीमराव म्हणाले, “त्यांनी तोंडातलं पान दुसऱ्या गालात घेतलं.”

शरणम्मा हसली असती. दुसरा कुठला दिवस असता तर नक्की हसली असती.

“एक ऐका,” वकील खाली उतरताना म्हणाले. “ह्या खेपेला अमीनाला आत जाऊ द्या. बूट असोत, नाहीतर तो घोड्यावर बसून येवो.”

ती पदर सावरून गाडीकडं चालू लागली.

त्या पंधरा दिवसांत तिनं आणि कोंडीरामानं नदीच्या डोहातून खांद्यावर पाणी आणलं. अर्ध्या कोसाची चढण. कावडीचे दोन डबे, डोक्यावर घागर, काखेत कळशी. पहिल्या दिवशी चाळीस ओळींना घोट-घोट दिलं. सांजेला बघते तर कुणाचीच तहान भागली नव्हती. दुसऱ्या दिवशी कोंडीराम म्हणाला, “अव्वा, समद्यांस्नी जगवाय गेलं तर समदंच जाईल. निवडा.”

“काय निवडू?”

“कोणच्या वळी ठेवायच्या.”

“तूच निवड.”

“म्या न्हाय. मालक लावलेत ते. तुमी निवडा.”

तिनं दाराजवळच्या चार ओळी निवडल्या. सोमलिंगनं पहिल्यांदा लावलेल्या जुन्या, त्यांची मुळं खोल होती म्हणून. बाकीच्या छत्तीस ओळींकडं ती पाठ करून पाणी घालायची. पाठीमागं पानं गळायची त्याचा आवाज यायचा. हिरवं पान गळतं तेव्हा आवाज होत नाही. वाळलेलं पांगाऱ्यावर घासत खाली येतं.

सातव्या दिवशी शिवलिंगप्पा बांधावर आला. त्याच्या पाळीची मोट चालली होती, नाडा करकरत होता, पाणी त्याच्या ज्वारीच्या कडब्यासारख्या वाळल्या रानात जिरत होतं. नुसतंच जिरत होतं. चैत्रात त्याच्या रानात काही उभंच नव्हतं.

“कशाला पाजतासा ढेकळांस्नी?” कोंडीरामानं विचारलं.

“माझं पाणी, माझी ढेकळं,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “वैनी, म्या काय वैरी हाय का तुमचा? दादाच्या हातचे वेल हायेत. मुराफा काढून घ्या. उद्यापास्नं पाणी देतो. तुमच्या चार दिसांवर एक दिस जास्ती.”

“पाळी म्हणून?”

“पाळी कशाला? म्या द्यायचं म्हणून देतो.”

“तुमी द्यायचं म्हणून द्याल, आन् मनात आलं का तोडायचं म्हणून तोडाल. मग म्या कुठला कागद दावू?”

“कागद, कागद! कागदानं काय दिलं?”

“दीड वर्स पाणी दिलं, भावजी. तुमी न्हाय दिलं. कागदानं दिलं.”

तो थुंकला आणि गेला.  संध्याकाळी कावड खाली ठेवताना कोंडीराम एवढंच म्हणाला, “एक दिस जास्ती देत होता.” तिनं घागर उचलली आणि पुन्हा नदीकडं चालू लागली.

दहाव्या दिवशी अमीन आला. तोच. तेच बूट, त्याच पट्ट्या. तो कुंपणाच्या तोंडाशी आला आणि थबकला. त्याला मागचं आठवत असावं. त्यानं खाली वाकून तसम्याला हात घातला की नुसतं खाजवलं, ते शरणम्माला कळलं नाही, कारण तोवर ती बोलून चुकली होती.

“या सायेब. असंच या.”

“बूट?”

“ऱ्हाऊ द्या.”

तो आत गेला. ती मागून अनवाणी. कोंडीराम बाहेरच बसून राहिला, तोंड फिरवून. वाळक्या पानांवर बुटाचा कर्र कर्र आवाज होत गेला, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. तिला वाटलं होतं, काळजात काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. मेलेल्या ओळीत बूट गेला काय अन् अनवाणी पाय गेला काय, तिला सारखंच वाटलं, आणि ह्याच गोष्टीची तिला भीती वाटली.

अमीनानं काठीनं पालापाचोळा बाजूला केला. खाली दगडी पाट. घडीव, गुळगुळीत, शंभर वर्षांच्या पाण्यानं मधोमध घासलेला. त्यानं तो काठीनं वाजवून पाहिला, बाहेरपर्यंत माग काढला, विहिरीपर्यंत पावलं मोजली. मग रुमालानं मान पुसत म्हणाला, “अम्मा, इत्ता पुराना पाट! पैलेच दिखाए होते तो?”

“तुमी पैलेच बूट काढलं असतं तो?”

अमीनानं कागद काढला. मग खाली बसून लिहायला लागला. पुष्कळ वेळ लिहीत होता.

पंधराव्या दिवशीची पेशी. अमीनाचा रिपोर्ट वाचला गेला, तेव्हा बलभीमरावांची मान ताठ झाली. शरणम्मानं ते बघितलं आणि तिचीही झाली. पाट जुना आहे, विहिरीपासून पानमळ्यापर्यंत सलग आहे, असं त्यानं खरंखुरं लिहिलं होतं. पण खरंखुरं लिहिताना त्यानं सगळंच लिहिलं. छत्तीस ओळी वाळल्या. चार ओळी हिरव्या, त्यांना बाई नदीवरून पाणी घालते.

शिवलिंगप्पाचा वकील उठला तो ह्या शेवटच्या वाक्यावर. तो रिपोर्टावर बोट ठेवून काहीतरी म्हणाला, मग चार बोटं वर केली. शिवलिंगप्पा त्याच्यामागं उभा होता. तो हसला नाही, पण त्यानं खांदे सैल सोडले.

नाझिमसाहेब खोकले.  मग बोलले, आणि शेवटी मान वर करून बलभीमरावांना त्यांनी एक प्रश्न विचारला. साधा, हळू. शरणम्माला शब्द कळले नाहीत. पण बलभीमरावांनी खाली पायांकडं पाहिलं, ते तिनं पाहिलं. 

बाहेर पायऱ्यांवर ते म्हणाले, “अर्ज नामंजूर. म्हणाले, जे वाळलं त्याला वाचवायला हुकूम देता येत नाही. आणि ज्या चार ओळी जगतायत त्या हुकमाशिवायच जगतायत. मग तातडी कसली? पण मुराफा लवकर ऐकतो म्हणाले. आबानमध्ये.”

आबान म्हणजे भादवा. शरणम्मानं बोटांवर मोजलं, कानडीत.

“म्हंजी म्या पाणी घातलं, म्हणून पाणी न्हाय?”

“तसं नाही…”

“तसंच हाय की. म्या घरात बसून ऱ्हायले असते, समदं मरू दिलं असतं, तर म्हणले असते समदं मेलंय. चार जगवल्या, तर म्हणत्यात जगतंय की. मग म्या काय करायचं होतं, सांगा. अर्ध्या मारायच्या होत्या?”

“शरणम्मा, मी खोलीवर जातो. तुम्ही भाकरी खाऊन या. बोलू.”

ती भाकरी खायला गेली नाही. व्हरांड्यात अमीन बिडी ओढत उकिडवा बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

“सायेब, नाझिमसायेबांनी आमच्या वकिलाला काय इचारलं?”

अमीनानं आजूबाजूला पाहिलं. “वो? वो पूछे, जिस दिन नीचे की अदालत में फैसला हुआ, उसी दिन वहींच दरखास्त क्यूं नै दिए. कि मुराफा दाखल होने तक हुकुम कायम रखो.”

“तसं मागता येतंय?”

“मांगते लोगां. मुन्सिफ साब महीना, दो महीना बढ़ा देते. देते सो मैं देखा. जिंदा हुकुम कू बढ़ाना आसान रहता, अम्मा. मरे सो कू नै.” त्यानं बिडी विझवली. “दो सतर का कागज रहता. बस.”

वकिलांची खोली अदालतीमागच्या गल्लीत, एका माडीवर होती. जिल्ह्याला आले की ते तिथं उतरायचे. शरणम्मा आत गेली तेव्हा ते शेरवानी काढून खुंटीला अडकवत होते. खाटेवर रिपोर्टाची नक्कल पसरलेली होती.

“या, या. बसा. हा रिपोर्ट बघितलात? सोन्यासारखा आहे. पाट सिद्ध झालाय. मुराफा आपलाच.”

“निकालाच्या दिशी तुमी कुठं होता?”

“कुठल्या निकालाच्या?”

“खालच्या अदालतीत. दावा खारीज झाला त्या दिशी. माझ्याकडं तुमचा कारकून आला. तुमी न्हाय आलात.”

“दुसऱ्या एका कामात उभा होतो. शेजारच्याच दालनात. कारकुनानं निकाल ऐकला.”

“शेजारच्याच?”

“हो. का?”

“मधी भिंत होती फकस्त.”

“शरणम्मा, हे बघा, आता पुढचं बोलू. आबानपर्यंत त्या चार ओळी…”

“त्यो अर्ज किती वळीचा असतो?”

“कुठला अर्ज?”

“हुकूम मुराफ्यापर्यंत ठेवा म्हणून. त्याच दिशी द्यायचा असतो त्यो.”

खाली गल्लीत कुणीतरी टांग्याच्या घोड्याला शिव्या देत होतं. बलभीमरावांनी खाटेवरचे कागद गोळा केले. कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

“दोन,” ते म्हणाले. “दोन-तीन ओळींचा.”

“अमीन म्हणला दोन.”

“दोन म्हणा.”

“म्या भाईर लिंबाखाली हुते. नारळ घेऊन. अंगठा करायला दहा पावलं आले असते.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट, ती जणू पाणी कुठल्या ओळीला सोडायचं हे कोंडीरामाला समजावत होती. “म्या अडाणी हाय. अमीनाला बूट काढायला लावलं, ती माझी चूक. ती म्या कबूल करते, कुणाबी म्होरं करते. पानमळ्याचं मला ठावं होतं, अदालतीचं न्हवतं. पर तुमाला अदालतीचं ठावं हाय. तुमी मला दीड महिन्यामागं, सोप्यात बसून सांगितलं, हुकूम दाव्याच्या पोटात असतो, दावा गेला का त्यो बी जातो. म्हंजी ठावं हुतं. आधीपास्नं ठावं हुतं.”

“शरणम्मा, शंभर कामं असतात एका दिवशी…”

“असत्यात. माझं एकच हाय. म्हणून एकच इचारते. त्या दिशी भिंतीपल्याड माझा दावा मरत हुता, तवा तुमच्या मनात आलं का, का हिचा कागदबी मरतोय? आलं आन् ऱ्हाऊन गेलं? का आलंच न्हाय?”

 बलभीमरावांनी खुंटीवरून शेरवानी काढली. ती त्यांनी आताच अडकवली होती. एक हात घातला, दुसरा घातला, गळ्यापर्यंतची सगळी बटणं एकेक करून लावली, टोपी घेतली.

“ह्यातलं कंचं बी चालंल,” शरणम्मा म्हणाली. “म्या राग धरणार न्हाय. नुसतं सांगा.”

त्यांनी कागद काखेत मारले, तिच्या बाजूनं, भिंतीला घासून, दाराकडं गेले, उंबऱ्यावर पायात जोडे सरकवले आणि स्वतःच्याच खोलीत तिला बसलेली ठेवून जिना उतरून गेले.